सात फोटो बाकी

१

आष्ट्याच्या बाजारपेठेत अफताब घड्याळजीचं दुकान शुक्रवारी बंद असतं. जुम्म्याची नमाज झाली, पोटभर जेवण झालं, की हा गडी जिन्याखालच्या खोलीत शिरायचा, आतून कडी घालायचा, दाराच्या फटीत जुनं घोंगडं कोंबायचा आणि मिट्ट काळोखात फिल्म कापत बसायचा. बाहेर भर दुपारचं ऊन असायचं आणि आत स्वतःचा हात दिसायचा नाही.

त्याचा कॅमेरा बोटभर लांब. जर्मन बनावटीचा, मिरजेच्या जुन्या बाजारात भंगाराच्या भावानं घेतलेला, आणि आतली मोडकी स्प्रिंग अफताबनं घड्याळाच्या स्प्रिंगपासून स्वतः घडवलेली. एवढ्याशा कॅमेऱ्यात बसेल अशी फिल्म आता मिळते कुठं? मग मोठा रोल घ्यायचा आणि अंधारात उभा कापायचा. त्यासाठी त्यानं लाकडी ठोकळ्यात दाढीच्या पात्यांचे तुकडे बसवले होते. एका रोलच्या मधोमध दोन बारीक पट्ट्या निघायच्या. पट्टी गुंडाळून भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेएवढ्या डबीत भरायची, की पन्नास फोटोंची सोय झाली. वापरलेल्या डबीला तो दोरा बांधायचा, कोरी डबी तशीच ठेवायचा. अंधारात बोटांना तेवढं कळलं की पुरे.

कॅमेरा ओढला की उघडतो, दाबला की मिटतो, आणि मिटताना फिल्म एक घर पुढं सरकते. चक्, चक्. पाठीवरचा आकडा पन्नासपासून उलटा उतरत जातो, म्हणजे किती काढले ते नाही, किती बाकी राहिले ते दिसतं.

एवढं सगळं करून फोटो निघायचा नखाएवढा. त्याची अम्मी जरिनाबी म्हणायची, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अफताब हसायचा. त्या महिन्यात तो कशालाही हसत होता. बायको समीना हिला सातवा महिना लागला होता, आणि तो लागायला नऊ वर्षं गेली होती. त्याआधी दोनदा आशा लागली आणि दोनदा तुटली. त्यामुळं यावेळी अख्खं घर पाऊल जपून टाकत होतं, पण टाकत होतं नाचतच.

२

गोदभराईला घर माणसांनी फुलून गेलं. समीनाची आई वाईहून दोन डबे भरून लाडू घेऊन आली. बायकांनी ढोलक बडवून बडवून शेजारच्यांचे कान किटवले आणि मग शेजारीणच येऊन ढोलक घेऊन बसली. अफताबचे अब्बा मोहिद्दीन, वय अडुसष्ट, दाढीला ताजी लालभडक मेंदी लावून नवरदेवासारखे फिरत होते.

जरिनाबीनं मात्र एक गोष्ट आधीच बजावली होती. पोटुशी बाईचा फोटो काढायचा नाही, मोबाइलवरही नाही. नजर लागते. अफताबचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण नऊ वर्षांनंतर अविश्वास दाखवायची छातीही नव्हती. तो कॅमेऱ्याची साखळी गळ्यात अडकवून सगळ्यांचे फोटो काढत हिंडला आणि समीना समोर आली की कॅमेरा खाली करायचा. ती त्याला मुद्दाम आडवी यायची आणि तोंड वेडंवाकडं करून दाखवायची.

संध्याकाळी आकडा सातवर आला. त्रेचाळीस फोटो झाले होते. पुढच्या शुक्रवारी फिल्म धुवायची होती, म्हणून त्यानं उरलेली सात घरं बटण न दाबताच पुढं ढकलली. सात वेळा ओढलं, सात वेळा मिटलं. ती सात घरं कोरी राहणार हे शेंबडं पोरही सांगेल.

३

शुक्रवारी त्यानं पट्टी प्लास्टिकच्या नळीवर गुंडाळली, डेव्हलपरमध्ये बुडवली, मिनिटं मोजली, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग पाणी. कडी काढून पट्टी दारातल्या दोरीला लटकवली आणि डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं.

छान आले होते. ढोलकवाली शेजारीण, लाडवांचे डबे, अब्बांची ऐट. तो एकेक घर मोजत खाली आला. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. आणि चव्वेचाळीस.

त्यानं भिंग पुसलं. पुन्हा लावलं. शेवटची सातही घरं भरलेली होती.

पहिला विचार आला तो शहाण्या माणसाला येईल तोच. दोरा सुटलेली वापरलेली डबी आपण अंधारात पुन्हा भरली, एकावर एक फोटो पडले. असं याआधी एकदा झालंही होतं. पण तसं असतं तर पन्नासही घरांत गिचमिड झाली असती. इथं त्रेचाळीस स्वच्छ होती आणि सात स्वच्छ होती. फक्त ती सात त्यानं काढलेली नव्हती.

४

लाल दिव्याखाली त्यानं त्या सातांचे मोठे फोटो केले. नखाएवढ्या फिल्मवरून वहीच्या पानाएवढा फोटो केला की त्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. पाण्यातल्या कागदावर दाणे हळूहळू एकत्र आले आणि त्याचंच घर वर आलं.

घर त्याचंच, पण खालून पाहिलेलं. पहिल्या फोटोत समीनाच्या शिलाई मशिनची खालची बाजू होती, जी माणूस फरशीवर लोळल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्यात दाराजवळ एक इवलीशी चप्पल. तिसऱ्यात अम्मी वाकून खदखदून हसत होती आणि तिचा समोरचा एक दात नव्हता. चौथ्यात अब्बा, दाढी पांढरीशुभ्र. पाचव्यात परसातला शेवगा, भिंतीच्या वर गेलेला, शेंगांनी लगडलेला. अफताब दार उघडून परसात जाऊन बघून आला. अम्मीनं महिन्यापूर्वी खोचलेली शेवग्याची फांदी गुडघ्याएवढी होती.

त्यानं मशिनच्या पाटाची उंची मोजली, फोटोवर फूटपट्टी ठेवून हिशेब केला. कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर होता. दोन फुटांवर डोळे असणारं त्या घरात अजून कुणी नव्हतं.

मग त्याला जे वाटलं ते सांगायलाच हवं. भीती नाही वाटली. आधी आनंदच झाला, इतका की तो त्या कोंदट खोलीत तोंडावर हात दाबून हसला. म्हणजे ते येणार होतं. चालणार होतं, चप्पल घालणार होतं, बापाचा कॅमेरा पळवणार होतं.

सातव्या फोटोत काही कळत नव्हतं, भिंगापुढं कुणाचातरी पसरलेला पंजा होता. पण सहावा स्वच्छ होता. परसातल्या कट्ट्यावर ओळीनं तिघं बसलेली. अब्बा, अम्मी आणि तो स्वतः, पोटावर शर्ट ताणलेला. अम्मी आणि त्याच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती, पंगतीतून कुणी हात धुवायला उठावं तशी.

त्यानं सातही फोटो पुन्हा पाहिले. मग भिंग लावून फिल्म पाहिली. समीना कशातच नव्हती.

५

दोन दिवस त्यानं कळ काढली. तिसऱ्या दिवशी दुकानात अब्बांपुढं फोटो ठेवले आणि सगळं सांगितलं. मोहिद्दीन चाळीस वर्षं घड्याळं उघडत आलेला माणूस, बिघाड आत असतो आणि तो सापडतो हाच त्याचा धर्म. त्यांनी चष्मा वर करून स्वतःची पांढरी दाढी न्याहाळली आणि मांडीवर थाप मारली.

"म्हंजी लय दिस जगतोय की मी. पर मेंदी कशापायी सोडली रं?"

ते चपलेवर खूश झाले, अम्मीच्या दाताला पोट धरून हसले, आणि हे तिला सांगू नकोस, नाहीतर आजपासून पेज पिऊन राहील, असं बजावलं. मग सहावा फोटो हातात आला. ते एकेका माणसावर बोट ठेवत गेले आणि मोकळ्या जागेशी थांबले. भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापल्या वेळा दाखवत टिकटिकत होती.

"समीना कुठं हाय?"

अफताबनं दोन दिवस घोकलेलं उत्तर दिलं. "पोराला धरून मागं बसली असंल. एवढंसं पोर, एकटं कसं उभं ऱ्हाईल?"

"व्हय," अब्बा म्हणाले. "तसंच असंल." आणि फोटो पालथा ठेवून त्यांनी गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं.

६

पुन्हा होतं का बघावं म्हणून त्यानं नवी पट्टी भरली. गल्ली, दुकान, दत्ताच्या देवळापुढचा हारवाला, जे दिसेल ते काढत सुटला. आकडा सातवर आला आणि त्याचा हात थांबला. आता सात घरं ढकलायची आणि धुवायची, एवढंच काम होतं. तेवढं त्याच्यानं झालं नाही. आहे तसा कॅमेरा त्यानं पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डबा फळीवर, तेलाच्या कॅनमागं ढकलला.

त्यानं दुसरं केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, वाईला, हे ठरलेलं होतं. अफताबनं सांगितलं, वाई नाही, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात. जरिनाबी चिडली, वाईहून विहीणबाईंचा फोन आला, रीत मोडता काय म्हणून. त्याला कारण सांगता येईना. समीनानंच वाद मिटवला. वाईला कृष्णा आणि सांगलीलाही कृष्णाच, पाणी बदलत नाही, असं म्हणून ती आपली बॅग भरायला लागली. तिच्या आईनंच सांगलीला येऊन राहायचं ठरलं.

सांगलीत सकाळी अकराला तिला आत नेलं. साडेबाराला नर्सनं बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं. जरिनाबीनं आनंदानं रडायलाच सुरुवात केली. अफताबनं समीना कशी आहे विचारलं, तर नर्स ऐकून न ऐकल्यासारखं करून आत पळाली. मग दुसरी पळाली. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला, अफताबच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

त्या काय सांगणार होत्या, ते त्याला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. डॉक्टरीणबाई वळून धावल्या. वीस मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. आहे, म्हणाल्या, बोलतेय. पाणी मागतेय. आणि पुढं आणखी काही सांगायचं असावं तसं थांबून त्या निघून गेल्या.

अफताब आत गेला. समीना त्याच्याकडं बघून हसली. त्यानं तिचा हात धरला, तो थंड होता आणि मग त्याच्या हातात हळूहळू ऊबदार झाला. त्याला दुसरं काहीही नको होतं.

७

मुलीचं नाव रुक्सार ठेवलं. पुढची दोन-अडीच वर्षं त्या घरात इतकी हसण्यात गेली की गल्लीतले लोक काही काम नसताना येऊन बसायचे.

बापलेकांची त्या फोटोंशी एक लढाई मात्र गुपचूप चालू होती. अब्बांनी दर शुक्रवारी मेंदी लावायचा सपाटा लावला, एक चुकवला नाही. अफताब महिन्याच्या महिन्याला शेवगा छाटायचा. जरिनाबीच्या पानातली सुपारी तो स्वतः बारीक कातरून द्यायचा आणि लेकाला आईची एवढी काळजी म्हणून ती गल्लीभर मिरवायची.

समीनाचे फोटो मोबाइलमध्ये शेकड्यांनी होते. पोरीला न्हाऊ घालताना, वाईच्या घाटावर, ईदला. सगळीकडं ती होती, छान हसत होती. अफताब रोज ते बघून स्वतःला समजावायचा. पण घड्याळजीचं डोकं, ते गप्प बसत नाही. मोबाइल काय, चेहरा ओळखतो, उजळवतो, नसलेलं भरूनसुद्धा काढतो. फिल्मला ती अक्कल नाही. तिच्यावर जेवढा उजेड पडतो तेवढाच उमटतो.

म्हणून त्यानं पुन्हा फिल्म कापली नाही. जिन्याखालच्या खोलीत कांदे भरले.

यंदा मेंदीनं अब्बांच्या हनुवटीवर पुरळ उठलं आणि डॉक्टरनं मेंदी बंद केली. दोन महिन्यांत दाढी पांढरी झाली. मग अफताब पाठदुखीनं पंधरवडेच्या पंधरवडे झोपला आणि शेवगा भिंतीवर गेला. दात तर अम्मीनं सुपारीनं नाही, ऊस सोलताना पाडला.

८

रविवार होता. सकाळचं कोवळं ऊन परसात आलं होतं. अब्बा आणि अम्मी कट्ट्यावर बसून शेंगा तोडायच्या की राहू द्यायच्या यावर भांडत होते. स्वयंपाकघरातून वांग्याचा वास येत होता. अफताब दाढी करून बाहेर आला आणि त्याला आतल्या खोलीतून आवाज ऐकू आला.

चक्, चक्.

तो आवाज त्यानं अडीच वर्षं ऐकला नव्हता. समीनाच्या मशिनखाली बसून रुक्सारनं वर बघत पहिला फोटो काढला होता. तेलाच्या कॅनमागचा डबा कुणी काढला होता कोण जाणे. त्यानं हात पुढं केला तर ती खिदळत त्याच्या बगलेतून निसटली. दाराशी आपल्याच चपलेवर कॅमेरा रोखून बटण दाबलं. दोन, अफताब मनात म्हणाला. परसात आजीकडं धावली. जरिनाबी वाकून हसली, पडलेल्या दाताच्या खिडकीसकट. तीन. आजोबा, चार. वर बघून शेंगा, पाच.

मोहिद्दीन उठले होते. त्यांनी लेकाकडं पाहिलं आणि दोघांनाही एकाच वेळी कळलं. म्हातारा मुकाट्यानं परत कट्ट्यावर बसला. अफताबही अम्मीपासून जरा दूर बसला.

"समीना," त्यानं हाक मारली, "बाहेर ये. पोरीच्या मागं बसून धर तिला. पडंल ती."

समीना पदराला हात पुसत आली. लेकीला दोन पायांवर खंबीर उभी बघून हसली.

"ती काय पडती आता? मलाबी येऊ द्या की एकदा फोटूत. सरका जरा."

आणि ती जरिनाबी आणि त्याच्यामध्ये येऊन बसली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. चांगला ऊबदार. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि फोडणीचा वास होता. रुक्सारनं एक डोळा मिटून कॅमेरा उचलला आणि मोठ्या फोटोग्राफरसारखं सगळ्यांना हसायला सांगितलं. सगळे हसले. अफताबसुद्धा हसला, आणि ते हसू खोटं नव्हतं. त्यानं मान वळवली नाही.

सहा.

तो झेपावला. त्याचा पसरलेला पंजा कॅमेऱ्यावर पडता पडता पोरीनं सातवं बटण दाबलं. आकडा शून्यावर होता. आता ही शेंगेएवढी डबी अंधारात काढायची, अर्ध्या तासात धुवायची, की सगळं समजलं असतं. सहाव्या घरात चार माणसं आहेत की तीन, एवढंच बघायचं होतं.

अफताब परसाच्या मधोमध, उन्हात उभा राहिला. कॅमेरा उघडला, डबी काढली, तिचं झाकण अंगठ्यानं उडवलं आणि आतली पट्टी हातभर बाहेर ओढली. ऊन तिच्यावर पडलं. राखाडी पट्टी जांभळट होत गेली.

जरिनाबीनं कपाळाला हात लावला. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा आपला लेक, आणि त्यानं फिल्म भर उन्हात उघडावी. ती म्हणाली, हे आता गल्लीत सांगायलाच पाहिजे. मोहिद्दीननी डोळे मिटून श्वास सोडला आणि मग तेही चेष्टेत सामील झाले, जरा जास्तच मोठ्यानं. रुक्सारनं ती पट्टी हातात गुंडाळून बांगडी केली आणि नाचायला लागली.

समीनानं लेकीला कडेवर घेतलं. आत जाताना ती अफताबजवळून गेली आणि थांबली. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत माया होती, आणि फार मागचं काहीतरी होतं, जे त्याला नीट दिसलं नाही आणि त्यानं पाहिलंही नाही.

"बरं केलंसा," ती त्याच्यापुरतं म्हणाली. "चला आता जेवायला, कालवण निवतंय."